घेवड्याची शेंग आणि मोरचुदाचे पाणी

लढाया, राजवटी, संतांची चरित्रे आणि वाङ्मयातील संप्रदाय ह्यांचा इतिहास आपण ह्या व्यासपीठावरून दर वसंतात ऐकत असतो. आज मी ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो तो एका शेंगेचा आणि तिच्यावर येणाऱ्या बुरशीचा आहे. विषय स्वयंपाकघरातला वाटेल. शहरातल्या श्रोत्यांस तो शेतकी खात्याच्या पत्रकासारखाही वाटेल. परंतु माणसाने एका सूक्ष्म शत्रूस ओळखले कसे, त्याच्यावर विष शोधले कसे, आणि ते विष हाती आल्यावरही आपल्याला अजून काय ठाऊक नाही हे त्याला कळले कसे, ही हकिगत कोणत्याही मोहिमेच्या हकिगतीइतकीच ऐकण्यासारखी आहे, असे मला वाटते.

प्रथम नावाचा घोळ उलगडू. आपण घेवडा हा शब्द फार सैलपणे वापरतो. वाल, पावटा, वरणा ह्यांचे कूळ वेगळे. ते आपल्याकडे पूर्वापार आहे. श्रावणघेवडा, राजमा, साताऱ्याच्या कोरेगाव भागातला लाल अंगावर रेघा असलेला वाघ्या घेवडा, ही सारी दुसऱ्या कुळातली. ते कूळ मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोच्या बाजूस आणि अँडीज पर्वताच्या उतारांवर, अशा दोन ठिकाणी तेथील लोकांनी हे रानवेल निरनिराळे माणसाळविले. १४९२ नंतर दर्यावर्दी लोकांबरोबर ते युरोपात आले आणि तेथून जगभर पसरले. दाणा वाळवून ठेवता येतो, वर्षभर टिकतो, गरिबाचे मांस म्हणून पोटाला आधार देतो. म्हणून ज्या देशात तो गेला तेथे रुजला. मेंडेलच्या वाटाण्यांची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत वाचली असेल. त्याने घेवड्यावरही संकराचे प्रयोग केले होते हे मात्र थोड्यांच्या ध्यानात असते.

झाडाबरोबर झाडाचे रोगही प्रवास करतात. घेवड्याच्या तीन बुरश्या ह्या कथेत मुख्य आहेत. पहिली तांबेऱ्याची: पानांवर विटकरी पुरळ येतात आणि हाताला तांबूस भुकटी लागते. दुसरीला पाश्चात्त्य लोक अँथ्रॅकनोज म्हणतात: शेंगांवर खोलगट काळपट डाग पडतात, आणि दमट हवेत त्या डागांच्या मध्यभागी गुलाबी चिकट थेंब दिसतात. तिसरी पांढऱ्या बुरशीची: खोडावर आणि शेंगांवर कापसासारखे तंतू माजतात आणि पुढे त्या कापसात उंदराच्या लेंड्यांसारख्या काळ्या कठीण गाठी तयार होतात. पहिली वाऱ्यावरून येते, दुसरी बियाण्यातून येते, तिसरी जमिनीत दबा धरून बसते. शत्रूंच्या ह्या तीन वाटा आपण ध्यानात ठेवल्या की पुढचा इतिहास समजण्यास सोपा जाईल.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत विद्वानांचीही समजूत अशी होती की, पीक आधी आजारी पडते आणि मग त्याच्या कुजण्यातून बुरशी निपजते. हवा बिघडली, धुके पडले, चंद्राची दृष्ट लागली, अशी कारणे सांगितली जात. ह्या समजुतीस पहिला जोराचा धक्का फ्रान्समध्ये मात्यू तिये ह्याने दिला. हा गृहस्थ त्र्वा गावच्या टांकसाळीचा अधिकारी. गव्हाच्या ओंबीत दाण्याऐवजी दुर्गंधी काळी भुकटी भरते त्या काणीवर त्याने शेतात वाफे पाडून प्रयोग केले, आणि ती भुकटी निरोगी बियाण्यास फासली की रोग येतो हे १७५५ मध्ये दाखवून दिले. भुकटी म्हणजे सजीव वस्तू आहे हे मात्र त्याला उमगले नाही. तिच्यात काही विष असावे असे तो समजला.

पुढचे पाऊल बेनेदिक्त प्रेव्हो ह्याचे. जन्म जिनीव्हाचा, वास्तव्य दक्षिण फ्रान्समधील माँतोबाँ गावी. त्याने ती काळी भुकटी पाण्यात घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि तिच्यातून अंकुर फुटताना पाहिले. तांब्याच्या संसर्गातले पाणी असले तर हे अंकुर फुटत नाहीत, ही गोष्टही त्याच्या नजरेस आली. त्यावरून त्याने बियाणे मोरचुदाच्या पाण्यात बुडवून पेरण्याचा उपाय सुचविला आणि १८०७ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. मोरचूद म्हणजे तांब्याचे गंधकाम्लातले क्षार. निळे खडे आपल्या वाण्याकडेही मिळत असत. बुरशी हे रोगाचे कारण आणि तांबे हे तिचे विष, अशी दोन्ही सूत्रे त्या निबंधात आहेत. पॅरिसच्या विद्वानांनी त्या निबंधाची कदर केली नाही, आणि तो जवळजवळ चाळीस वर्षे अडगळीत राहिला.

ह्या चाळीस वर्षांची किंमत आयर्लंडने मोजली असे म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल, कारण बटाट्याच्या करप्यावर प्रेव्होचा उपाय जसाच्या तसा चालला नसता. पण १८४५ मध्ये तो करपा आला तेव्हा रोगाचे कारणच विद्वानांना ठाऊक नव्हते, ही गोष्ट खरी. पुढील सहासात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. ह्याला केवळ बुरशी कारण नव्हती. जमीनदारी आणि राज्यकर्त्यांची धोरणे हीही तितकीच कारणीभूत होती, हे आपल्या देशातील दुष्काळांचा इतिहास जाणणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. बर्कली नावाच्या इंग्रज पाद्र्याने १८४६ मध्ये करप्याचे कारण बुरशीच आहे असे मत मांडले, आणि १८६० नंतरच्या काही वर्षांत आंतोन द बारी ह्या जर्मन शास्त्रज्ञाने ते प्रयोगाने सिद्ध केले. वनस्पतिरोगशास्त्राचा पाया येथे पडला.

आता मोरचुदाच्या दुसऱ्या जन्माची कथा सांगतो. ती प्रसिद्ध आहे, तरी पुन्हा सांगण्यासारखी आहे. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत केवडा रोग शिरला. पाने गळून मळे उघडे पडू लागले. १८८२ च्या शरदात बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे हे मेदोक भागातील साँ-ज्युल्याँ येथून जात असता त्यांना दिसले की मळ्यातील वेल निष्पर्ण झाले आहेत, परंतु रस्त्याच्या कडेच्या ओळींची पाने शाबूत आहेत, आणि त्या पानांवर निळसर पांढरा लेप आहे. चौकशी केली तेव्हा मळेवाल्यांनी सांगितले की, येणारेजाणारे द्राक्षे तोडतात म्हणून मोरचूद आणि चुना कालवून कडेच्या वेलींवर शिंपडतो. लोकांना ते विष वाटते आणि ते हात लावीत नाहीत. चोरांसाठी केलेला बंदोबस्त बुरशीला लागू पडला होता!

मिलार्दे ह्यांची थोरवी अशी की, त्यांनी ही गोष्ट गमतीवारी नेली नाही. गेयाँ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाची मदत घेऊन आणि जॉन्स्टन ह्यांच्या मळ्याचे व्यवस्थापक एर्नेस्ट दाव्हीद ह्यांच्या हाती प्रत्यक्ष फवारणी सोपवून त्यांनी प्रमाणे ठरविली. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृतीत १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो कळीचा चुना असे प्रमाण होते. नुसत्या मोरचुदाने पाने होरपळतात. चुन्याने त्याचा दाह मारला जातो आणि लेप पानाला चिकटून राहतो. ह्यालाच आपण बोर्डो मिश्रण म्हणतो. विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन ह्यांनी सुपारीच्या कोळेरोगावर ते वापरून दाखविले, आणि कोकणातील बागायतदारास आजही पावसाळ्यापूर्वी सुपारीच्या घोसांवर करावयाची बोर्डोची फवारणी अपरिचित नाही.

मग हेच पाणी घेवड्यावर शिंपडून काम झाले नाही काय? येथून आपल्या शेंगेचा खरा इतिहास सुरू होतो.

अँथ्रॅकनोजची बुरशी प्रथम १८७५ मध्ये जर्मनीतील बॉनजवळ पॉपेल्सडॉर्फ येथील शेतकी संस्थेच्या बागेत लिंडेमुथ ह्याला आढळली. तीन वर्षांनी साकार्दो आणि माग्नुस ह्यांनी तिचे वर्णन करून तिला लिंडेमुथचेच नाव दिले, आणि ते आजतागायत तिला चिकटून आहे. १८८३ मध्ये फ्रांक ह्याने दाखविले की ह्या बुरशीचा बीजाणू पानावर पडल्यावर आधी एक चपटा चिकट अवयव तयार करतो, त्याने जागा पक्की धरतो, आणि मगच सालीत शिरतो. साल फोडून आत शिरल्यावर बाहेरच्या लेपाचा उपयोग सरतो. म्हणून बोर्डो मिश्रण बीजाणू येण्याच्या आधी पडले पाहिजे, आणि शेंग जसजशी वाढेल तसतसे नव्या सालीवर पुन्हा पडले पाहिजे. द्राक्षासारख्या मोलाच्या पिकाला हा खर्च झेपतो. घेवड्याला झेपत नाही. शिवाय घेवड्याचे झाड ठेंगणे. शेंगा पानांच्या आड जमिनीलगत लोंबतात, आणि पावसाचा थेंब जमिनीवरून उसळून त्यांच्या खालच्या अंगाला लागतो. तेथे त्या काळचा हातपंप पोचावयाचा कसा?

आणि मुख्य अडचण ह्याहून निराळी होती. शेंगेवरचा डाग खोल गेला की तो आतल्या दाण्यापर्यंत पोचतो, आणि तो दाणा पुढील वर्षी पेरला की अंकुराच्या दोन दळांवरच रोग घेऊन उगवतो. दाण्याला वरून औषध चोळले तरी ते आत शिरलेल्या तंतूपर्यंत पोचत नाही. शेतकरी आपल्याच हाताने रोग पेरीत होता. म्हणून त्या काळच्या सल्ल्यात फवाऱ्यापेक्षा दोन साध्या गोष्टींवर भर असे: बियाण्यासाठी निर्मळ शेंगा हाताने निवडाव्यात, आणि पाने ओली असताना शेतात पाऊल टाकू नये, कारण कपड्यांना आणि अवजारांना चिकटून गुलाबी थेंब झाडाझाडांवर जातात. ह्यातला दुसरा सल्ला आपल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने दिला असता तर आपण त्याला सोवळेओवळे म्हणून हसलो असतो.

न्यूयॉर्क राज्यात त्या वेळी वाळक्या घेवड्याची शेती मोठी होती, आणि इथाका गावच्या कॉर्नेल विद्यापीठात १९०७ पासून व्हेट्झेल ह्यांच्या हाताखाली वनस्पतिरोगांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला होता. तेथील मॉर्टियर बॅरस हा तरुण निरनिराळ्या जातींच्या घेवड्यावर ही बुरशी सोडून कोणती जात तग धरते हे पाहत होता. हेतू सरळ होता: टिकणारी जात सापडली की फवाऱ्याची कटकटच नको. पण त्याला विचित्र अनुभव आला. एका ठिकाणाहून आणलेल्या बुरशीला जी जात दाद देत नव्हती तीच जात दुसऱ्या ठिकाणाहून आणलेल्या बुरशीपुढे लोळण घेई. दोन्ही बुरश्या सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारख्या. १९११ मध्ये त्याने ही गोष्ट प्रसिद्ध केली, आणि पुढे १९१८ मध्ये त्या दोन प्रकारांना ग्रीक अक्षरांवरून आल्फा आणि बीटा अशी नावे दिली.

ह्या निबंधाचे महत्त्व आपण नीट समजून घेतले पाहिजे. तोवर शास्त्रज्ञ असे मानीत की, बुरशीची एक जात म्हणजे एक वस्तू. बॅरसने दाखविले की, एका नावाखाली अनेक घराणी नांदतात. रूप एक, पण प्रत्येकाची किल्ली निराळी. त्याच विद्यापीठात बर्कहोल्डर ह्यांनी वेल्स रेड किडनी नावाच्या टिकाऊ लाल घेवड्याचा पांढऱ्या मॅरो घेवड्याशी संकर करून १९१८ मध्ये रोगाला दाद न देणारा पांढरा घेवडा तयार केल्याचे जाहीर केले. १९१९ मध्ये मॅक्रॉस्टी ह्यांनी असा टिकाऊपणा मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत उतरतो हे मांडले. विजय झाला असे वाटले. १९२३ मध्ये बर्कहोल्डर ह्यांनाच तिसरे घराणे, गामा, सापडले, आणि त्यांचा स्वतःचा विजय अपुरा ठरला. पुढे ग्रीक अक्षरे अपुरी पडू लागली. आता बारा ठरावीक जातींच्या घेवड्यावर बुरशी पारखून तिच्या घराण्याला आकडा देतात.

मग अमेरिकेतून हा रोग हटला कसा? मला स्वतःला ह्या सबंध इतिहासात हा भाग सर्वांत रसाचा वाटतो. कोणत्याही औषधाने तो हटविला नाही. अँथ्रॅकनोजला पाऊस लागतो. बीजाणू चिकट असतात, ते वाऱ्याने उडत नाहीत, पाण्याच्या थेंबाने उसळतात. पश्चिमेकडील आयडाहो, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो अशा कोरड्या प्रदेशांत उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ पडत नाही. तेथे पाटाचे पाणी सऱ्यांतून मुळांशी द्यावयाचे. पाने कोरडीच राहतात. तेव्हा बियाण्याचा घेवडा तेथे पिकवावयाचा आणि तो आणून पूर्वेकडील पावसाच्या मुलखात पेरावयाचा, अशी व्यवस्था विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसली. आयडाहो राज्याने बाहेरून येणाऱ्या बियाण्यावर कडक निर्बंध घातले. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातले बी जपून ठेवण्याची पद्धत सोडली आणि विकतचे शुद्ध बियाणे घेऊ लागला. रोग मागे सरला, आणि त्याबरोबर शेतकऱ्याची बियाण्यावरील मालकीही मागे सरली. ह्याचा हिशेब कोणी कसा मांडावा हा वादाचा प्रश्न आहे. पण ज्या भागात शुद्ध बियाणे पोचत नाही, मध्य अमेरिकेच्या डोंगरांत वा आफ्रिकेच्या सरोवरांकाठच्या उंच प्रदेशांत, तेथे हा रोग अजूनही कुटुंबाच्या ताटातील घास काढून घेतो.

दरम्यान रसायनशाळांत नवी विषे तयार होत होती. त्यांचा वृत्तांत मी थोडक्यात आटोपतो. १९३४ मध्ये टिस्डेल आणि विल्यम्स ह्यांना डायथायोकार्बामेट कुळातील द्रव्यांचे पेटंट मिळाले. रबराच्या धंद्यात वापरावयाची ही द्रव्ये बुरशीला मारक ठरली. १९४३ मध्ये कनेक्टिकटच्या प्रयोगकेंद्रात नाबाम आले, त्याला जस्ताची जोड मिळून झायनेब झाले. १९५२ मध्ये कॅप्टान आले. घेवड्याच्या तांबेऱ्यावर तोवर गंधकाची भुकटी उडवीत. तिची जागा ह्या औषधांनी घेतली. तथापि ही सारी मोरचुदाचीच भावंडे: पानाच्या बाहेर बसणारी, पावसाने धुऊन जाणारी, आणि बुरशीच्या शरीरात एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालणारी. ह्या शेवटच्या गुणाचे मोल तेव्हा कोणाला कळले नव्हते.

आता तिसऱ्या शत्रूकडे वळू. पांढऱ्या बुरशीचे पहिले शास्त्रीय वर्णन मारी-आन लिबेर ह्या बाईंनी १८३७ मध्ये केले. आजच्या बेल्जियममधील माल्मेदी गावच्या ह्या विदुषीने आपल्या परिसरातील बुरश्या गोळा करण्यात आयुष्य घालविले. पन्नास वर्षांनी, १८८६ मध्ये, द बारी ह्यांनी ह्याच बुरशीवर निबंध लिहून दाखविले की ती झाडात शिरण्यापूर्वी असा रस सोडते की ज्याने पुढच्या पेशी आधीच मरतात, आणि मग ती मेलेल्या पेशी खाते. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८८ च्या जानेवारीत, ते निवर्तले. बुरशीच्या काळ्या गाठी जमिनीत पाचपाच वर्षे आणि त्याहून अधिक जिवंत राहतात. जमीन काही दिवस सतत ओली आणि थंड राहिली की त्या गाठीतून देठावर उभी राहिलेली, पणतीच्या आकाराची तपकिरी वाटी उगवते. रुंदी काही मिलिमीटर. तिच्यातून लक्षावधी बीजाणू हवेत उडतात.

१९६० नंतर नेब्रास्काच्या पश्चिम भागात, नॉर्थ प्लॅट नदीच्या खोऱ्यात, ग्रेट नॉर्दर्न नावाच्या पांढऱ्या घेवड्यावर ह्या बुरशीने हाहाकार उडविला. कारण शोधावयास दूर जावे लागले नाही. खते भरपूर, पाणी वारंवार, वेल दाट. सरीतील जमीन झाकली जाऊन सावलीत ओलच राहू लागली. जी शेती चांगली म्हणून गौरविली जाते तीच बुरशीचे माहेर बनली होती. जेम्स स्टेडमन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी वेलींच्या आतील तपमान आणि ओल मोजून १९७८ मध्ये हे दाखविले. त्यापूर्वी १९७५ मध्ये त्यांनी हेही दाखविले होते की, एका शेतातून वाहून निघालेले पाणी पुन्हा पाटात घेतले की त्याबरोबर रोगही खालच्या शेतात उतरतो.

ह्याच सुमारास, १९६८ मध्ये, बेनोमिल नावाचे नवे औषध जाहीर झाले. मोरचूद पानावर बसते. बेनोमिल पानात शिरते आणि रसाबरोबर फिरते. शेतकऱ्यांना वाटले, आता बाहेरून लेप देण्याची दगदग संपली. पण घेवड्यावर अनुभव उलटसुलट येऊ लागले. कोणाचे शेत वाचे. शेजाऱ्याचे, तेच औषध तितकेच शिंपडून, जाई.

उलगडा न्यूयॉर्क राज्यात झाला. जिनीव्हा गावच्या प्रयोगकेंद्रातील नॅटी ह्यांनी १९७१ मध्ये दाखविले की फवारणीची वेळ फुलोऱ्याशी बांधलेली आहे. अबावी आणि ग्रोगन ह्यांनी १९७५ मध्ये त्याचे मर्म सांगितले. ह्या बुरशीचा बीजाणू इतका दुबळा असतो की, निरोगी हिरव्या पानावर पडला तर त्याला आत शिरता येत नाही. त्याला आधी काही तरी आयते खावयास लागते; आणि घेवड्याच्या शेतात ते आयते अन्न म्हणजे सुकत चाललेली फुले. बीजाणू कोमेजलेल्या पाकळीवर पडतो, ती खाऊन बळ धरतो, आणि मग ती पाकळी जेथे गळून अडकते, पानाच्या बेचक्यात, शेंगेवर, खोडावर, तेथून झाडात घुसतो. रोग फुलावर स्वार होऊन येतो! रसाबरोबर औषध पानांत कितीही फिरले तरी फुलात ते पुरेसे पोचत नाही. म्हणून ते फुलावरच पडले पाहिजे, आणि फूल गळण्यापूर्वी पडले पाहिजे. आठवडाभर आधी शिंपडले तर फुलेच उमललेली नाहीत. दोन आठवडे उशिरा शिंपडले तर पाकळ्या कामाला लागल्या आहेत.

ह्या शोधाने औषध बदलले नाही, त्याची मात्राही बदलली नाही. शेतकऱ्याने शेतात कशाकडे पाहावे एवढेच बदलले. तो पानांवर डाग शोधीत असे, आणि डाग दिसला की पंप काढीत असे. आता त्याला निरोगी, डौलदार, फुललेल्या शेतावर पैसे खर्च करावयास सांगणे भाग होते. रोग दिसत नसताना औषध घे असे सांगणाऱ्या डॉक्टरावर आपण तरी कितपत विश्वास ठेवतो?

बेनोमिलचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. बाजारात आल्यावर वर्षभरातच, १९६९ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातच काकडीवर्गातील वेलींच्या भुरीने त्याला जुमानणे सोडल्याचे आढळले. मागोमाग इतर पिकांवरील इतर बुरश्यांनी तोच मार्ग धरला. मोरचूद बुरशीवर अनेक ठिकाणी घाव घालते. बेनोमिल एकाच ठिकाणी, पेशी दुभंगताना जी सूक्ष्म नलिकांची जुळणी होते तिच्या एका प्रथिनावर, बसते. त्या प्रथिनातील एखादी कडी बदलली की औषध निकामी. कोट्यवधी बीजाणूंत असा एखादा असतोच. औषध बाकीच्यांना मारून त्यालाच रान मोकळे करून देते. बॅरसने १९११ मध्ये झाडाच्या बाबतीत जे दाखविले होते तेच आता औषधाच्या बाबतीत दिसले. हा संबंध त्या काळी औषधे बनविणाऱ्यांनी वेळीच ओळखला असता तर बरे झाले असते, असे मला वाटल्याखेरीज राहत नाही. औषध कंपन्यांनी एकत्र येऊन ह्या प्रश्नावर समिती नेमली ती १९८१ मध्ये. बेनोमिलच्या उत्पादक कंपनीने ते बंद करण्याचे २००१ मध्ये जाहीर केले.

त्यानंतरच्या औषधांत एकाचा उगम मनोरंजक आहे. पाइनच्या गळलेल्या शंकूंवर उगवणारी एक इवलीशी अळिंबी आपल्या शेजारच्या बुरश्यांना हटविण्यासाठी जे द्रव्य सोडते ते आंके आणि श्टेग्लिश ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये वेगळे केले आणि अळिंबीच्या नावावरून त्याला स्ट्रोबिल्युरिन म्हटले. त्या नमुन्यावर बेतलेली औषधे १९९६ मध्ये बाजारात आली, आणि १९९८ मध्ये उत्तर जर्मनीत गव्हाच्या भुरीने त्यांना हरविले. मात्र घेवड्याच्या तांबेऱ्यापाशी एक नवल आढळले. भुरीने जी एक कडी बदलून सुटका करून घेतली तीच कडी तांबेऱ्याने बदलली तर त्याच्या पेशीतील एक अत्यावश्यक प्रथिनच नीट तयार होत नाही, कारण त्या जागेलगत त्याच्या जनुकात एक असा तुकडा आहे की जो आधी कापून काढावा लागतो, आणि कडी बदलली की ती कापणी बिघडते. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. सुटकेची ती वाट तांबेऱ्याला त्याच्याच घडणीने बंद केलेली आहे.

पांढऱ्या बुरशीवर मात्र पूर्णपणे टिकणारी घेवड्याची जात अजून निघालेली नाही. मिशिगनमध्ये वेन अ‍ॅडम्स ह्यांनी घेवड्याचे झाड कसे असावे ह्याचा आराखडाच मांडला: सरळ उभे, शेंगा जमिनीपासून उंच, ओळींतून वारा खेळेल असे, तशा जाती पुढे पुष्कळ आल्या, आणि त्यांत रोग कमी माजतो. १९४७ मध्ये कॅम्पबेल ह्यांनी वर्णिलेली, ह्या काळ्या गाठींनाच खाणारी एक बुरशी आता जमिनीत मिसळण्यासाठी विकत मिळते. तिला आपले काम करण्यास गाठी उगवण्याच्या तीनचार महिने आधी जमिनीत घालावे लागते. बाकी उत्तर डाकोटात, आज अमेरिकेतील सर्वांत अधिक वाळका घेवडा जेथे पिकतो तेथे, शेतकरी फुलोरा सुरू झाला की झाडे तपासतो, जमिनीची ओल पाहतो, पुढच्या आठवड्याच्या पावसाचा अंदाज घेतो आणि मग फवारा मारावयाचा की नाही हे ठरवितो. हंगाम संपून घेवडा चाळणीवर येतो तेव्हा काही गाठी दाण्याएवढ्याच असल्याने चाळणीतून सुटत नाहीत. त्या रंगावरून वेगळ्या काढतात. चाळणीखालचा तो कचरा गुरांपुढे किंवा उकिरड्यावर टाकू नये, कारण तेथून तो शेणखताबरोबर पुन्हा शेतातच जातो.